सोसायटीतला नोकरी-मदतगट: जाहिराती थांबवा, माणसं जोडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडमधल्या एका मोठ्या सोसायटीत चार निवृत्त मंडळींनी नोकरी शोधणाऱ्यांसाठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. वर्ष होत आलं, सभासद दीडशेच्या वर गेले, रोज पाच-दहा जाहिराती पडतात. पण ‘ग्रुपमुळे नोकरी लागली’ असं छातीठोकपणे सांगता येईल असं एकही नाव नाही. ही मंडळी विचारतात, कुठे अडतंय, प्रत्यक्ष भेटीगाठी ठेवाव्यात का, आणि खर्चासाठी थोडी वर्गणी घ्यावी का?

मी भरतीच्या कामात बरीच वर्षं काढली. आधी भोसरीत, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, मग बाणेरला सॉफ्टवेअर कंपनीत. अशा गटांच्या कामातही हात घातलेला आहे, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू पाहून लिहिते आहे.

पहिली गोष्ट, ग्रुपवर जाहिराती टाकणं आजपासून बंद करा. तुमच्याकडे चौथ्या हाताने आलेली जाहिरात नोकरी डॉट कॉमवर आणि लिंक्डइनवर आधीच पडून गेलेली असते, तिच्यावर शेकड्यांनी अर्ज आलेले असतात, आणि कित्येकदा ती जागा भरूनही झालेली असते. ती पुढे ढकलून कोणाचंच काही भलं होत नाही. नुकसान मात्र होतं, आणि ते वेगळ्याच ठिकाणी होतं. ग्रुपमधले जे लोक सध्या नोकरीत आहेत ते या माऱ्याला कंटाळून ग्रुप म्यूट करतात. तुम्हाला खरी गरज त्यांचीच आहे. दीडशे सभासदांत नोकरीत असलेले, आणि ग्रुप उघडून वाचणारे किती, हे एकदा मोजा. माझा अंदाज, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. दीडशे जण एकमेकांकडे काम मागताहेत आणि देणारा कोणी खोलीतच नाही, अशी ही अवस्था आहे.

तेव्हा गटाचा पहिला महिना उमेदवार गोळा करण्यात घालवू नका. ‘कोण कुठे’ अशी यादी करा. सोसायटीतलं कोण कोणत्या कंपनीत, कोणत्या विभागात आहे, आणि आठवड्यातून दहा मिनिटं फोनवर बोलायला तयार आहे का, एवढंच. नोकरी देणार का, असं विचारू नका. तो प्रश्न ऐकला की माणूस दार लावून घेतो. यादी करायला पुण्यात सर्वांत चांगला मोसम गणपतीचा. एरवी सकाळी आठला खराडीला निघून रात्री नऊला परतणारी, लिफ्टमध्येसुद्धा न भेटणारी माणसं त्या दहा दिवसांत एकदा तरी आरतीला खाली उतरतात. कार्यकर्ते वर्गणीसाठी घरोघर जातातच, पावतीपुस्तकाबरोबर एक वही द्या. मात्र ही यादी ग्रुपवर टाकायची नाही. ती तुमच्यापैकी दोघांकडेच राहील आणि निरोप त्यांच्यामार्फतच जाईल, असं लोकांना आधी सांगा आणि पाळा. आपला नंबर परस्पर वाटला गेला असं एकालाही वाटलं, तर पुढच्या वर्षी वही कोरीच परत येईल.

यादीत कंपन्यांतले साहेबलोकच हवेत असं नाही. उलट, जी माणसं दहा कंपन्यांत आतबाहेर करतात ती जास्त मोलाची. चाकणला एखाद्या कारखान्यात नवीन लाइन पडणार आहे, हे जाहिरात येण्याच्या कितीतरी आधी मशीन बसवणाऱ्याला कळतं, कॉम्प्रेसरच्या सर्व्हिसवाल्याला कळतं, आणि कँटीनच्या कंत्राटदाराला तर नक्कीच कळतं, कारण त्याला दोनशे ताटं वाढवायला सांगितलेलं असतं. कॅलिब्रेशन लॅबमधला माणूस, कंपन्यांच्या बस चालवणारा ट्रान्सपोर्टवाला, ऑडिटला जाणारा सीए, टूलिंगचा सेल्समन हे तुमच्याच सोसायटीत राहतात. आजवर त्यांना कोणी काही विचारलेलं नसतं.

यामागे नुसता माझा अनुभव नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात, तेव्हा नुकतीच नोकरी बदललेल्यांना विचारलं, की ज्याच्याकडून या जागेबद्दल कळलं तो तुम्हाला किती वेळा भेटत असे? ओळखीतून नोकरी मिळवलेल्यांपैकी जेमतेम १७ टक्क्यांनी ‘नेहमी’ असं सांगितलं. साधारण ५६ टक्के ‘अधूनमधून’ म्हणाले आणि २८ टक्के ‘क्वचित’. त्याचा निबंध १९७३ सालचा. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी लोकांवरचा अभ्यास आला, त्यातही जवळच्या दोस्तांपेक्षा मध्यम पातळीवरची ओळख नोकरी बदलायला जास्त उपयोगी पडते असंच दिसलं. कारण उघड आहे. आपल्या जिवलग मित्राला जे माहीत असतं ते बहुतेक आपल्यालाही माहीत असतं. शेजारच्या विंगमधल्या, फक्त मान हलवून ओळख देणाऱ्या माणसाचं जग वेगळं असतं. सोसायटी, मंडळ, सकाळी तळजाई टेकडीवर भेटणारा घोळका, मुलांच्या शाळेतले पालक ही सगळी अशाच अर्धवट ओळखींची ठिकाणं आहेत. तुमच्या गटाची ताकद तिथे आहे.

आता उमेदवाराकडे वळू. इथे सगळ्यात जास्त मेहनत लागते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नोकरी गेलेला माणूस पहिल्या भेटीत हमखास म्हणतो, ‘काहीही चालेल, बघा माझ्यासाठी काहीतरी.’ हे वाक्य ऐकणाऱ्याला मदत करायची इच्छा असली तरी करता येत नाही. कोणाला फोन करू, काय सांगू, हे त्यात नसतंच. तो ‘रेझ्युमे पाठवून ठेवा’ म्हणतो, हा पाठवतो, आणि ‘रेझ्युमे फायनल न्यू २’ नावाची फाइल त्याच्या फोनमध्ये कायमची विसावते.

एक क्वालिटी इंजिनिअर आमच्या एका गटाकडे आला होता, चाळिशीच्या जरा अलीकडचा. कारखान्याने एक विभाग बंद केला त्यात गेला. त्याचंही ‘काहीही चालेल’ होतं. त्याला समोर बसवून तासभर नुसते प्रश्न विचारले. काय बनायचं? कोणत्या पार्टवर काम? ग्राहकाची तक्रार आली की कोण जायचं? शेवटी जो मजकूर तयार झाला तो असा: ‘सप्लायर क्वालिटीत ११ वर्षं, त्यातली ६ अ‍ॅल्युमिनियम डाय कास्टिंगच्या पुरवठादारांबरोबर. पीपीएपी, एट-डी आणि आयएटीएफ ऑडिट स्वतः हाताळले आहे. चाकण, तळेगाव, रांजणगाव, शिरवळ कुठेही चालेल, लगेच रुजू होऊ शकतो. या भागात ब्रेक, स्टिअरिंग किंवा मोटर बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी किंवा परचेसमध्ये कोणी ओळखीचं आहे का? सध्या त्यांचे कोणते पुरवठादार वाढताहेत, एवढंच दहा मिनिटं विचारायचं आहे.’

(पीपीएपी, एट-डी, आयएटीएफ ही वाहन उद्योगातल्या गुणवत्तेच्या कामाची नावं, त्या क्षेत्रातल्या माणसाला ती लगेच कळतात.) एवढ्या चार-पाच वाक्यांनी काय होतं बघा. वाचणाऱ्याच्या डोक्यात लगेच एखादा चेहरा येतो. ‘अरे, माझा साडू रांजणगावला परचेसमध्ये आहे की!’ शिवाय मागणं नोकरीचं नाही, माहितीचं आहे, त्यामुळे कोणाला अवघडल्यासारखं होत नाही. या इंजिनिअरला वाट दाखवली ती कोणा मॅनेजरने नाही, दुसऱ्या विंगमधल्या कॉम्प्रेसर सर्व्हिसवाल्याने. कुठे शेड वाढतेय हे त्याला ठाऊक होतं, आणि तिथल्या मेंटेनन्सच्या माणसाचा नंबर त्याच्याकडे होता. पुढचं सगळं उमेदवाराने स्वतः केलं, तीन फेऱ्या मुलाखतीही दिल्या.

‘लगेच रुजू होऊ शकतो’ हे शब्द मुद्दाम ठेवायला लावले होते. घरी बसलेल्या माणसाला ती स्वतःची कमतरता वाटते. पण आयटीत ९० दिवसांचा नोटीस पिरियड सर्रास असतो, आणि प्रोजेक्ट पुढच्या आठवड्यात सुरू होणार असेल तर मॅनेजर अशाच माणसाच्या शोधात असतो. तेव्हा ही गोष्ट लाजत शेवटी सांगायची नाही, मजकुरातच ठळकपणे लिहायची.

ओळखीतून जाणं म्हणजे वशिला, ते आपल्याला नको, असं म्हणणारे तुम्हाला भेटतील, आणि कोथरूडमध्ये जरा जास्तच भेटतील. त्यांना सांगा, ओळखीने फक्त ढिगाऱ्यातला कागद वर येतो. टेस्ट, मुलाखत, मागच्या कंपनीकडची पडताळणी यातलं काहीही टळत नाही. ज्याने रेफर केलं, म्हणजे आपल्या कंपनीत नाव सुचवलं, तो सहसा मुलाखतीच्या पॅनेलवरही नसतो.

रेफरलची यंत्रणा आतून कशी चालते हे गटातल्या प्रत्येकाला ठाऊक हवं, कारण इथे उमेदवार स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतात. बहुतेक मोठ्या कंपन्यांत कर्मचारी अंतर्गत पोर्टलवर तुमचा रेझ्युमे, ईमेल, मोबाइल आणि त्या जागेचा क्रमांक भरतो. तो ईमेल किंवा नंबर सिस्टिममध्ये आधीच असेल, म्हणजे तुम्ही स्वतः अर्ज केला असेल किंवा कंपन्यांना माणसं मिळवून देणाऱ्या कन्सल्टंटने तुमचं नाव पाठवलं असेल, तर बऱ्याच कंपन्यांत ठरावीक महिने तुम्ही त्या पहिल्या मार्गाच्या खात्यावर राहता आणि नंतर आलेलं रेफरल धरलं जात नाही. म्हणून दोन पथ्यं. जिथे जायचंच आहे अशा पाच-सहा कंपन्यांत अर्ज करण्याआधी गटात विचारायचं. आणि कन्सल्टंटला बजावायचं, की कंपनीचं नाव सांगून माझा होकार घेतल्याशिवाय रेझ्युमे कुठेही पाठवायचा नाही. कन्सल्टंट थोडे कुरकुरतात, मग ऐकतात. नुसतं ‘मला रेफर कर’ असंही म्हणू नये. त्या कंपनीच्या करिअर पानावरून नेमकी जागा शोधून तिचा क्रमांक द्यावा. समोरच्याचं काम पाच मिनिटांचं झालं तर तो आजच करतो, अर्ध्या तासाचं असेल तर रविवारवर ढकलतो आणि रविवारी विसरतो.

रेफर करणाऱ्याचीही बाजू सांभाळा. त्याचा शब्द त्याच्या ऑफिसात खर्च होत असतो. त्याने आधी उमेदवाराशी वीसेक मिनिटं बोलावं, पटलं नाही तर नाही म्हणावं, आणि त्या नकाराची सोसायटीत चर्चा होऊ नये. ओळख गटातलीच असेल तर पोर्टलवर तसंच लिहावं, ‘सोबत काम केलं आहे’ अशी थाप मारू नये.

आता भेटीगाठींबद्दल. हो, ठेवाच, पण दोन वेगवेगळ्या. नोकरी शोधणाऱ्यांची बैठक कामाच्या दिवशी सकाळी अकराला ठेवा. रविवारी नको. नोकरी गेलेल्या माणसाला रविवार जड जात नाही, त्या दिवशी सगळेच घरी असतात. जड जातो मंगळवार. सकाळी सगळे डबे घेऊन निघून गेलेले, कामवाल्या मावशी विचारणार ‘दादा आज घरीच?’, आणि आईचा दुपारी गावाहून फोन. काही जण घरी न सांगता डबा घेऊन बाहेर पडतात आणि दिवसभर कुठल्यातरी वाचनालयात किंवा मॉलमध्ये बसून येतात. अशा माणसाला मंगळवारी अकरा वाजता कुठेतरी पोहोचायचं आहे, दाढी करून, वही घेऊन, ही गोष्टच मोठी आधाराची. सहा-सात जण पुरेत. प्रत्येकाने इतकंच सांगायचं: गेल्या आठवड्यात कोणाशी बोललो, या आठवड्यात कोणाशी बोलणार, आणि कुठे अडलंय. भाषणं नकोत. ‘आमच्या वेळी’ने सुरू होणाऱ्या वाक्यावर तर बंदीच घाला. मी हे अदबीने पण स्पष्ट लिहिते आहे, कारण निवृत्त मंडळींच्या गटात उमेदवार गळतात ते याच वाक्यामुळे.

तुमची जागा वेगळी आहे आणि ती फार महत्त्वाची आहे: पाठपुरावा. चौघांपैकी दोघं बँकेतून निवृत्त आहात असं तुम्ही लिहिलंय. थकीत कर्जाच्या मागे कसं लागायचं हे तुम्हाला मी काय सांगू! तीच शिस्त इथे लावा. साधी रेघांची वही, एका पानावर एक माणूस. कोणाचा नंबर दिला, फोन झाला का, नसेल तर का नाही. उमेदवार फोन करायला घाबरतो, आणि ही भीती वय किंवा हुद्दा बघत नाही. पंचवीस माणसांची टीम सांभाळलेला मॅनेजरही अनोळखी नंबर लावताना तीन दिवस टाळाटाळ करतो. त्याला हॉलच्या कोपऱ्यात नेऊन ‘आत्ता लावा, मी इथेच उभा आहे’ म्हणणारा कोणीतरी लागतो.

दुसरी भेट महिन्यातून एकदा, रविवारी संध्याकाळी, नोकरीत असलेल्यांबरोबर. दीड तासाच्या वर नको. प्रत्येक उमेदवाराने वर दिलाय तसा आपला मजकूर मिनिट-दीड मिनिटात बोलायचा, मग चहा आणि मोकळ्या गप्पा. प्रमुख पाहुणे, सत्कार, दीपप्रज्वलन नको. कामं चहाच्या वेळी होतात, तो वेळ वाचवा.

नावं ग्रुपवर उघड करायची की नाही हे उमेदवारावर सोडा. अनेकांना आपल्याच इमारतीत कळायला नको असतं. त्यांचा मजकूर नावाशिवाय संयोजकाने टाकावा.

काही मंडळी तुमच्या सोसायटीत दिसणार नाहीत, पण दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर आहेत. सदाशिव आणि नारायण पेठेतल्या अभ्यासिकांत एमपीएससीची पाच-सहा वर्षं घालवलेली, तिशीकडे आलेली मुलंमुली. लातूर, नांदेड, सोलापूरकडून आलेली, पुण्यात खोलीवरच्या मित्रांपलीकडे ओळख नाही, आणि रेझ्युमेत पाच वर्षांची मोकळी जागा. ती जागा लपवायला ती काहीतरी खोटा अनुभव दाखवतात आणि पडताळणीत सापडतात. सरळ लिहायला सांगा: या काळात राज्यसेवेची तयारी केली, अमुक वेळा पूर्व उत्तीर्ण, मुख्य दिली. बँका आणि विमा कंपन्यांचं ऑपरेशन्स, कंपन्यांच्या सामाजिक कामाचे म्हणजे सीएसआरचे प्रकल्प, सरकारी कामाशी संबंध येणाऱ्या संस्था, क्लासेसचं अभ्याससाहित्य इथे ही तयारी कामाला येते. आणि त्यांच्या ओळखी नाहीत असं त्यांना वाटतं, ते खरं नसतं. भोसरी-चाकण पट्ट्यात मराठवाड्यातली माणसं भरपूर आहेत, गावाकडच्या लग्नात भेटणारा कोणीतरी तिथे सुपरवायझर असतोच. शाळेच्या दहावीच्या बॅचचा ग्रुप उघडायला लावा.

मुलांसाठी काही वर्षं थांबून परत कामाला लागू पाहणाऱ्या बायकांसाठी मात्र तुमचा पुरुषांचा गट फारसा उपयोगी नाही. सोसायटीतली भिशी चालवणाऱ्या ताईंना गटात घ्या. कोणाची सून कुठे लागली, कोणत्या कंपनीत घरून काम चालतं, कुठली कॅब रात्री दारापर्यंत सोडते ही माहिती तिथे असते, आणि तीच निर्णायक ठरते.

आयटीआय, डिप्लोमा आणि ताज्या पदवीधरांना मात्र सरकारी वाटेला लावा. राज्याच्या महास्वयंम पोर्टलवर नोंदणी आणि रोजगार मेळावे, केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस, डिप्लोमा आणि पदवीधरांच्या अप्रेंटिसशिपसाठी नॅट्स ही केंद्राचीच योजना. नोंदणीला पैसे पडत नाहीत. पंधरा वर्षं अनुभवाच्या माणसाला मेळाव्याच्या रांगेत पाठवू नका, त्याचा तिथे एक दिवस जातो आणि त्याहून जास्त उमेद जाते.

आणि एक पहारा तुम्ही ठेवलाच पाहिजे. गटात बेकार माणसं आहेत हे कळलं की भामटे वासावर येतात. नामांकित कंपनीच्या लेटरहेडवर ऑफर लेटर, पाठवणाऱ्याचा पत्ता जीमेलचा, आणि लॅपटॉपचं डिपॉझिट किंवा ट्रेनिंगची फी म्हणून काही हजार आधी भरा. नोकरी देणारी खरी कंपनी उमेदवाराकडून पैसे मागत नाही, हे ग्रुपच्या वर्णनातच लिहून ठेवा. पैसे गेलेच तर लाजत बसू नये, ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा. जितक्या लवकर तक्रार तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. आधार, पॅन, पगाराच्या स्लिपा ग्रुपवर टाकणाऱ्यांना तिथल्या तिथे थांबवा.

आता वर्गणी. घेऊ नका. शोधणाऱ्याकडून तर नाहीच, आणि नोकरी लागलेल्याकडूनही ‘खुशीने’ नको. पैसा आला की तुम्ही प्लेसमेंटवाले झालात, आणि मग ज्याचं काम झालं नाही तो हिशेब मागायला येणार. चहा-बिस्किटांचा खर्च सोसायटीने उचलावा, हॉल फुकट द्यावा, एवढा ठराव पुढच्या सर्वसाधारण सभेत मांडा. ज्याला नोकरी लागेल त्याचं नाव मात्र ‘कोण कुठे’ वहीत त्याच आठवड्यात चढवा, आणि वर्षभर महिन्याच्या रविवारी यायचं त्याच्याकडून कबूल करून घ्या. वही अशीच वाढते. पेढे आणले तर खा.